सासूबाईंना मधुमेह आहे, तरी नवरात्राचे उपास सोडत नाहीत. श्रद्धेपुढे डॉक्टरांचंही चालत नाही. कसं समजवावं?

समजवू नका. आधी त्यांच्या गोळ्यांची नावं बघा.

माझी आई नागपूरजवळच्या कोराडीच्या देवीची नवरात्रं लग्नापासून धरते. शुगर निघाली तरी उपास सुटले नाहीत. 2016 साली पंचमीच्या पहाटे चारला ती पलंगावर बसून नुसता पदर चाचपत होती. घामानं ब्लाउज ओलाचिंब, मला ओळखेना. ग्लुकोमीटरवर शुगर फक्त 46. गिळता येत होतं म्हणून साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं. पंधरावीस मिनिटांनी पहिलं वाक्य आलं, "दिवा पाह्य वं, तेल सरलं असन."

ग्लिमेपिराइडची गोळी नेमानं चालू आणि पोटात दिवसभरात एक केळं. तुम्ही जेवा की नका जेवू, ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच.

दादा तेव्हापासून म्हणतो, अंधश्रद्धेनं आई गेली असती. साफ चूक. आईनं आदल्या वर्षी डॉक्टरांना विचारलं होतं, उपास चालतील का? त्यांनी मान वर न करता म्हटलं, "देव सांगतो का उपाशी राहा म्हणून?" दादा बाजूला बसून हसला. त्यानंतर आई बोललीच नाही. मला म्हणाली, "सांगून काय करू, ते तं हसते." तिला उपासानं नाही, त्या हसण्यानं पाडलं.

पुढच्या वर्षी नागपुरात धंतोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी सप्टेंबरात स्वतःहून विचारलं, नवरात्र धरता काय? गोळी बदलली, वेळा बदलल्या. साबुदाणा बंद, तो निव्वळ स्टार्च. त्याजागी दही, दाणे, राजगिरा. दिवसातून चारदा शुगर बघायची आणि 70च्या खाली गेली की तिथल्या तिथे उपास मोडायचा. आईनं नऊही दिवस ऐकलं. ताजबागेजवळच्या माझ्या मैत्रिणीच्या अब्बांनाही हेच डॉक्टर रमजानच्या आधी बोलावतात.

तेव्हा नवरात्राच्या महिनाभर आधी सासूबाईंना घेऊन जा आणि त्यांच्यासमोर हसू नका. इन्सुलिन चालू असेल, किडनीचा त्रास असेल, तर डॉक्टर नाही म्हणतील ते ऐकावंच लागेल. गोळी मनानं बंद करू नका. आणि साप चावल्यावर मंत्र, कावीळ झाडणं, यांना मी श्रद्धा म्हणत नाही. साप चावला की थेट सरकारी दवाखान्यात. मंत्रासाठी माणसाला उपचारापासून अडवून ठेवणं महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

दादा, शुगरची वही आईच्या देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली असते. अष्टमीचा आकडा 112 आहे, येऊन बघ.