पाती मळली की वीज का घटते?

सातारा

चि. … हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पुढच्या वेळी ‘सर’ लिहू नकोस, दादा पुरे.

सांगलीत मेकॅनिकल करतेस, एरोस्पेसची डिग्री नाही, म्हणून पीएचडीचं दार बंद झालं का, असं विचारलंस. नाही झालं. मेकॅनिकलवाल्यांना गेट या प्रवेश परीक्षेचा एरोस्पेसचा पेपर देता येतो. मीही सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजातूनच गेलो. बाकीचं गेटचं सांगायला क्लासवाले आहेतच.

खरी अडचण पुढे आहे. आपल्याला दुसऱ्याने घातलेली गणितं सोडवायची सवय. पीएचडीत गणित आपणच घालायचं असतं. माझ्या गाईडने पहिल्याच भेटीत विचारलं, “तुझा प्रश्न काय?” मी म्हणालो, “पवनचक्क्यांची कार्यक्षमता वाढवणं.” ते हसले. “हे तर खात्याचं नाव झालं!”

प्रश्न कसा सापडतो ते बघायला एका रविवारी चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे जा. ठोसेघरला धबधब्याचे फोटो काढून माघारी फिरू नकोस, वर पठारावर जा. आदर्श पवनचक्कीलाही वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त ऊर्जा काढता येत नाही. सगळी काढली तर वारा पात्यामागेच थांबेल, मागून येणाऱ्याला वाट कुठली? ही झाली वरची मर्यादा. आता पात्याजवळ ये. पुढच्या कडेवर धूळ, किडे चिकटतात. पृष्ठभागाला लगटून वाहणारा हवेचा पातळ थर, म्हणजे बाऊंडरी लेयर, त्यामुळे लवकर खवळतो. पात्याला फिरवणारी उचल घटते, मागे खेचणारी ओढ वाढते, वीज कमी होते. मग विचार: मळ किती जाड झाला की थर खवळतो? कडेपासून किती अंतरावर? वाऱ्याच्या कोणत्या वेगाला? असा एक धागा हाती लागला तरी चार-पाच वर्षं पुरतो.

बाऊंडरी लेयरची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ प्रांटल यांनी १९०४ साली मांडली. त्यांच्याचकडे जर्मनीत पीएचडी केली आपल्या कोल्हापूरकडच्या डॉ. वि. मा. घाटगे यांनी. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेलं एचटी-२ विमान १९५१ मध्ये उडालं. घरी कुणी ‘एवढं शिकून विमान चालवणार का’ म्हणालं, तर हे नाव सांग. (माझी आजी मला शेवटपर्यंत पायलटच समजत होती.)

पैशाचं थोडक्यात: २०२३ पासून फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. ती कधीकधी रखडते, म्हणून लगेच गाडीचा हप्ता मागे लावून घेऊ नकोस.

माझी फजिती ऐक. विंड टनेलमध्ये, म्हणजे मॉडेलवर वारा सोडून बघायच्या बोगद्यात, सहा महिने मॉडेलवर एकाच जागी दाब विचित्र यायचा. मला वाटलं, शोध लागला! पेपरही लिहायला घेतला. निघालं काय, तर दाब मोजायच्या बारीक नळीला केसाएवढी चीर. तेव्हापासून रोजची वही ठेवतो: तापमान किती, काय बदललं, कुठे चुकलो. कागदाचीच वही.

गाईड निवडताना त्यांचे छापून आलेले पेपर मोजू नकोस. त्यांच्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याबरोबर चहा घे, आणि गाईडचं नाव निघताच तो खाली बघतो का, ते बघ.

चाळकेवाडीहून आलीस की तीन प्रश्न लिहून पाठव. उत्तरं नकोत. आणि पावसाळ्यात जाणार असशील तर छत्री नेऊ नकोस, तिथला वारा ती उलटी करतो. रेनकोट घे.

तुझा,
दादा