संपात अडकलेला निकाल

प्रश्न : मी पुण्यात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला शिकते. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या आंदोलनामुळे पाचव्या सत्राचा निकाल रखडला आहे आणि बोनाफाईड, म्हणजे महाविद्यालयात शिकत असल्याचा दाखलाही, मिळत नाही. प्राध्यापक तास घेत असल्यामुळे ‘तुमचे नुकसान काय होते?’ असे ऐकावे लागते. ज्या कारकून काकांनी पहिल्या वर्षी माझा शिष्यवृत्तीचा अर्ज शेजारी बसून भरून घेतला, त्यांच्यावर रागावणेही जमत नाही. मी काय करावे?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : तास होत आहेत म्हणून नुकसान नाही, हे म्हणणे मला मान्य नाही. परीक्षा अर्जांची छाननी, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, गुणांची नोंद आणि गुणपत्रिका ही सारी कामे शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या हातून जातात, आणि त्यातले एक अडले की पुढचे सगळे खोळंबते. हा खोळंबा सर्वांना सारखा पडत नाही. ज्याचे घर पुण्यातच आहे त्याला वाट पाहावी लागते. पण परभणीहून येऊन सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन, राहणाऱ्या मुलाच्या वडिलांना आणखी एका महिन्याचे भाडे आणि मेसचे पैसे उभे करावे लागतात.

असे पूर्वीही घडले आहे. २०१३ मध्ये राज्यातील प्राध्यापकांनी सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९९१ ते २००० या काळात नेमलेल्या नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या अध्यापकांचा प्रश्न यांसाठी ४ फेब्रुवारीपासून परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो १० मे रोजी मागे घेण्यात आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये आश्वासित प्रगती योजना (पदोन्नती न मिळालेल्यांना ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) आणि सातव्या वेतन आयोगाची थकबाकी यांसारख्या मागण्यांसाठी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी हाच मार्ग धरला. मागण्या खऱ्या होत्या, आणि वर्षानुवर्षे निवेदने देऊन हाती काही न लागलेल्या माणसाने संपावर जाणे मी समजू शकतो. तरीही परीक्षेवरचा बहिष्कार मला पटत नाही, कारण त्याची झळ ज्याला बसते त्या विद्यार्थ्याला वाटाघाटीच्या बैठकीत जागाच नसते. मात्र मागण्या कुजवत ठेवून बहिष्काराची वेळ येऊ देणाऱ्या शासनाचा दोष मी अधिक मानतो.

आता तुमच्यापुरते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ८९ प्रमाणे विद्यापीठाने ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत तो जाहीर करायचा असतो. हे दिवस परीक्षेच्या शेवटच्या तारखेपासून मोजा. मुदत उलटली असेल, तर त्या कलमाचा उल्लेख करून प्राचार्यांकडे आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज द्या, आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय परतू नका. आवक खिडकी बंद असेल, तर स्पीड पोस्टाने पाठवा. बोनाफाईड प्राचार्यांच्या सहीने मिळू शकते, म्हणून थेट त्यांनाच भेटा. जिथे पदव्युत्तर प्रवेश घ्यायचा आहे, तिथे गुणपत्रिका नंतर सादर करण्याच्या हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश मिळतो का, हे शेवटच्या तारखेआधी विचारून ठेवा.

काकांवर रागावू नका, पण त्यांना भेटून तुमची प्रवेशाची तारीख जरूर सांगा. कोणाच्या कोणत्या तारखा हुकणार आहेत, हे संघटनेच्या बैठकीत त्यांच्यासारख्या माणसाने सांगितले, तर तिथे ते ऐकले जाण्याची शक्यता अधिक आहे.