तंत्रज्ञशाही की तज्ज्ञशाही?

प्रश्न असा आहे: 'टेक्नोक्रसी'ला, म्हणजे जाणकारांच्या हाती सत्ता असण्याला, मराठीत तंत्रज्ञशाही म्हणावं का? आणि मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर नाशिक महापालिकेवर प्रशासक बसले, तीही तंत्रज्ञशाहीच का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नाही. प्रशासक झाले ते आयुक्तच, म्हणजे सनदी अधिकारी. सत्ता हाती आली ती खुर्चीमुळे, पाणीपुरवठ्यातले किंवा नगररचनेतले जाणकार म्हणून नव्हे. त्याला आपल्याकडे नोकरशाही हा खणखणीत शब्द आहेच.

आता पहिला. 'तंत्रज्ञशाही' छापून येतो, चूक म्हणणार नाही. पण मला खटकतो. तंत्रज्ञ म्हटलं की सातपूर-अंबडच्या कारखान्यात यंत्रापाशी उभा असलेला माणूस आठवतो. विल्यम हेन्री स्मिथ या कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याने १९१९ मध्ये मूळ शब्द पुढे आणला, तेव्हा त्याच्याही मनात शास्त्रज्ञ आणि अभियंतेच होते म्हणा. पण पुढे अर्थ पसरला. २०११ मध्ये इटलीचे पंतप्रधान झालेले मारिओ मोंती अर्थशास्त्रज्ञ; मंत्रीही पक्षांबाहेरचे. त्या सरकारला जगभर 'टेक्नोक्रॅटिक' हेच विशेषण लागलं. तिथे 'तंत्रज्ञ' कुठून आणायचे? 'तज्ज्ञशाही' चपखल बसतो. (दोन ज लिहा हो! तत् अधिक ज्ञ.)

वापरताना एक भेद मात्र सांभाळा. नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या 'मेरी' या सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेतले अभियंते धरणांचा अभ्यास करून अहवाल देतात. धरण बांधायचं की नाही, ते सरकार ठरवतं. हा सल्ला झाला. 'तज्ज्ञ समिती नेमली, तज्ज्ञशाही आली' असं लिहिणं म्हणजे उगाच आरडाओरडा. उलट विश्वेश्वरय्या पाहा. १८८४ मध्ये सरकारी बांधकाम खात्यात लागले, सुरुवातीची नोकरी आपल्या नाशिकातच. हाच अभियंता १९१२ मध्ये म्हैसूरचा दिवाण झाला. निवडून कोणी दिलं नव्हतं, महाराजांनी नेमलं आणि कारभार हाती दिला. तिथे शब्दाचा वास येतो.

शिवाय '-शाही' मराठीत बहुधा नाक मुरडूनच येतो: घराणेशाही, झुंडशाही, बेबंदशाही. लोकशाही आणि शिवशाही तेवढ्या सुटल्या. तेव्हा कौतुक करायचं असेल तर 'तज्ज्ञांच्या हाती कारभार' असं सरळ लिहावं.

राहता राहिला माणूस. त्याला 'टेक्नोक्रॅट'च म्हणा. 'तज्ज्ञशहा' म्हणालात तर लोक दर्गा कुठे आहे विचारतील.