‘बातमी आमच्या शब्दांत सांगितली तर चालेल का?’ : प्रक्षेपकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. सकाळच्या कार्यक्रमात निवेदिका वर्तमानपत्रांतल्या मुख्य बातम्या आपल्या शब्दांत सांगते. ‘वाचून दाखवत नाही, गप्पा मारते’ असं तिचं म्हणणं. यात काही चूक आहे का?

उत्तर : आहे. सामुदायिक रेडिओला बातम्या फक्त आकाशवाणीच्या घेता येतात. एक तर जशाच्या तशा, नाहीतर स्थानिक भाषेत किंवा बोलीत अनुवाद करून. अनुवाद प्रामाणिक आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी परवानाधारक संस्थेची. वर्तमानपत्रातली बातमी गप्पांच्या सुरात सांगितली तरी ती बातमीच.

मात्र बरंच काही ‘बातमी’त मोडत नाही : हवामान, वाहतूक, जत्रा-उत्सव, खेळ, परीक्षा व निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, वीज-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती आणि आरोग्याचे इशारे. ‘उद्या प्रभाग ४ मध्ये पाणी येणार नाही’ ही सूचना झाली. ‘पाणी का येत नाही, नगराध्यक्ष काय करतात’ असं म्हटलंत की बातमीत शिरलात. घसरण होते ती नेमकी इथेच, आणि तीही थेट प्रसारणात. म्हणून प्रत्येक सूचना कागदावर असावी : कोणत्या कार्यालयाकडून आली, कोणी घेतली, किती वाजता. कागद नसेल तर ती वाचायची नाही.

दुसरी गोष्ट रेकॉर्डिंगची. प्रसारित झालेला सगळा मजकूर ३ महिने जपून ठेवावा लागतो. जागेची सबब चालणारी नाही. ६४ केबीपीएस मोनो एमपी३ला तासाला साधारण २८.८ एमबी लागतात. रोज १६ तास प्रसारण धरलं तर ९० दिवसांचे जेमतेम ४२ जीबी होतात, म्हणजे एका पेनड्राइव्हचं काम. पण रेकॉर्डिंग स्टुडिओच्या संगणकातून घेऊ नका. साधा एफएम रिसीव्हर लावून, हवेत गेलेला आवाज पकडा. स्टुडिओतून निघालं आणि ट्रान्समीटर बंद होता, हे संगणकाला कळत नाही. घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं असू द्या. सात मिनिटं मागे असलेल्या नोंदीवर कुणी विश्वास ठेवत नाही. तक्रार आली की तो भाग त्याच दिवशी बाजूला काढा, नाहीतर जुन्या फायली आपोआप पुसल्या जाताना तोही जाईल.

प्रश्न : आमचं तालुक्याच्या गावातलं केबल चॅनेल आहे. विधानसभेच्या वेळी उमेदवार मतदानाच्या आदल्या रात्रीसाठीही जाहिरात देऊ पाहतात. घ्यावी का?

उत्तर : नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत टीव्हीवर निवडणूक प्रचाराचा मजकूर दाखवता येत नाही. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. २० नोव्हेंबर २०२४ रोजी सायंकाळी ६ ला मतदान संपणार होतं, तिथे १८ तारखेच्या सायंकाळी ६ पासून बंदी होती. मोजणी मतदान *संपण्याच्या* वेळेपासून मागे करायची, सुरू होण्याच्या नव्हे. काही मतदारसंघांत मतदान लवकर संपतं, तिथे बंदीही लवकर सुरू होते. खालच्या पट्टीतली जाहिरातही याच हिशेबात धरा. बहुतेकांची चूक होते ती आठवडाभराची प्लेलिस्ट आधीच लावून ठेवल्यामुळे.

त्याआधीच्या जाहिरातींनाही माध्यम प्रमाणन समितीचं (निवडणुकीच्या जाहिराती आधी तपासून मंजूर करणारी समिती) प्रमाणपत्र लागतं. नोंदणीकृत पक्षाने किंवा उमेदवाराने प्रसारणाच्या किमान ३ दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी ७ दिवस आधी. सोबत जाहिरातीच्या २ इलेक्ट्रॉनिक प्रती, साक्षांकित संहिता, निर्मितीचा आणि प्रसारणाचा खर्च, किती वेळा दाखवणार त्याचा आकडा व दर. पैसे चेकने किंवा ड्राफ्टनेच घ्यायचे. प्रमाणपत्राची प्रत हातात आल्याशिवाय बुकिंग पक्कं करू नका. ‘अर्ज केलाय, येईलच’ यावर जाहिरात लावणारे पुढे अडचणीत येतात.

प्रश्न : एफएमसाठी गाण्यांचा परवाना आहे. तोच ॲपवर चालतो का?

उत्तर : गृहीत धरू नका. कॉपीराइट कायद्याचं कलम ३१-ड (ठरवून दिलेलं मानधन भरून, हक्कदाराच्या वेगळ्या संमतीशिवाय गाणी वाजवण्याची सोय) रेडिओ-टीव्हीच्या प्रसारणासाठी आहे. इंटरनेटवरील मागणीनुसार ऐकण्या-उतरवण्याच्या सेवेला ते लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आणि २०२२ मध्ये खंडपीठानेही ते कायम ठेवलं. ॲपसाठी वेगळा करार करा. शब्द-संगीताचे हक्क एकाकडे आणि ध्वनिमुद्रणाचे दुसऱ्याकडे असू शकतात, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : उपग्रह वाहिनीकडे आलेल्या तक्रारीत प्रेक्षकाने कोणताही नियम नमूद केलेला नाही. ती बाजूला ठेवता येईल का?

उत्तर : नाही. केबल टीव्हीच्या २०२१ च्या दुरुस्त नियमांनुसार २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्यानंतर तक्रारदाराला स्वयंनियामक संस्थेकडे (वाहिन्यांनीच मिळून स्थापन केलेली संस्था) अपील करायला १५ दिवस मिळतात आणि ती संस्था ६० दिवसांत निर्णय देते. कोणत्याही नियमाचा भंग झाला का, हे तपासणं तुमचं काम, प्रेक्षकाचं नव्हे. तक्रारींचा ईमेल दोघांच्या हाती असावा. दिवाळीत एकाच्या खात्यात पडून राहिलेल्या तक्रारीचे १५ दिवस सुट्टीतही सरतात.