लँकेस्टरला ॲमिश शेजारात घर घेताय, तर

नमस्कार ताई,

तुम्ही विचारलंय: नवऱ्याची नोकरी पेनसिल्वेनियात लँकेस्टर शहरात, घर मात्र गॉर्डनव्हिलच्या बाजूला शेतांमध्ये मिळतंय, शेजारी सगळे ॲमिश (जुन्या रीतीने, मोटारीऐवजी घोडागाडीवर राहणारा ख्रिस्ती पंथ), मुलगी सहा वर्षांची. जावं का, आणि एकटं वाटेल का? व्हिसा, लायसन्स, विमा हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडते. तुमचा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लांबलचक लिहितेय.

पहिलं पाणी. शेतातल्या घराला नळाचं पाणी नसतं, स्वतःची बोअर असते. भोवती दुभत्या गाई, खेचरं, कोंबड्या. थंडी सरली की शेतांवर पातळ शेणखत पसरतात. वासाची आठवड्याभरात सवय होते, पण त्यातून होणारं नायट्रेट जमिनीतल्या चुनखडकातून थेट विहिरीत उतरतं. खासगी विहिरीवर या राज्यात सरकार लक्ष ठेवत नाही, सगळी जबाबदारी मालकाची. घराचा करार करण्याआधी नायट्रेट आणि कोलिफॉर्म जंतू या दोन्ही चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्या. नायट्रेट-नायट्रोजनची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे. आणि हे नीट लक्षात ठेवा: आपल्याकडे पाणी उकळलं की निर्धास्त होतात. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र वाढतं, कारण पाणी आटतं. तान्ह्या बाळाच्या दुधात तर ते पाणी अजिबात नको. उपाय म्हणजे स्वयंपाकघरातल्या नळाला आरओ आणि जंतूंसाठी यूव्ही. सेप्टिक टँक शेवटचा कधी उपसला त्याची पावतीही मागा.

दुसरं रस्ता. ताशी 55 मैल मर्यादेच्या रस्त्यावर ॲमिशांची घोड्याची बग्गी ताशी 8 मैलांनी चालते. फरक 47 मैलांचा, म्हणजे सेकंदाला 21 मीटर. चढ ओलांडल्यावर 100 मीटरवर बग्गीच्या पाठीवरचा नारिंगी त्रिकोण दिसला तर हातात पाच सेकंदही नसतात. म्हणून चढाआधी वेग कमी करायचा, चढावर नाही. हॉर्न वाजवू नका. बग्गीचे घोडे बहुतेक शर्यतीतून काढलेले स्टँडर्डब्रेड असतात. रहदारीला सरावलेले, पण अचानक आवाजाला बिचकतात. ओलांडल्यावर आरशात घोडा आणि बग्गी दोन्ही दिसल्याशिवाय लेनमध्ये परत येऊ नका. सिग्नलला बग्गीमागे गाडी चिकटवू नका, ती थांबल्यावर जराशी मागे सरकते. ॲमिश मुलं सायकलवर नाही, मोठ्या चाकांच्या स्कूटरवर असतात, संध्याकाळी कडेने रांगेत. उपासना एक रविवार आड, ती चर्चमध्ये नव्हे तर कुणाच्या तरी घरी. शेजारच्या उपासना-मंडळांची पाळी उलटी असते, त्यामुळे रस्त्यावर बग्ग्या दर रविवारी. त्या दिवशी त्यांची सगळी दुकानं बंद. शेजारच्या ओहायो राज्यात 2022 पासून बग्गीला पिवळा लुकलुकता दिवा सक्तीचा झाला, आणि काही कर्मठ मंडळांना तो धर्माविरुद्ध वाटला. 'दी बजेट' (ओहायो, 1890 पासून) आणि 'डी बोटशाफ्ट' ही ॲमिश लोकांची साप्ताहिकं एकदा जरूर वाचा: कुणाकडे उपासना झाली, कुणाला बाळ झालं, मका किती वर आला. बहुतेक गावोगावच्या पत्रलेखकांची पत्रंच.

दूध मात्र तुम्हाला सुख देईल. दुकानातलं दूध होमोजिनाइज्ड, त्यावर साय धरतच नाही. रस्त्यालगतच्या शेतावर कच्चं दूध अर्ध्या गॅलनच्या, म्हणजे साधारण 1.9 लिटरच्या बाटलीत मिळतं. राज्याचा परवाना भिंतीला लावलेला आहे का तेवढं बघा. घरी आणून चांगलं उकळा, मुलीला कच्चं देऊ नका. जर्सीचं असेल तर सकाळी बोटभर पिवळी साय. हिवाळ्यात विरजण लागत नाही. ओव्हनचा नुसता दिवा लावून भांडं आत ठेवा. भाजी, अंडी, बटाटे फाटकाजवळच्या टेबलावर असतात, पैसे डब्यात टाकायचे. एक-एक डॉलरच्या नोटा जवळ ठेवा, सुटे द्यायला कुणी नसतं.

छप्पर, कुंपण, शेड यांचं काम ॲमिश गवंडी-सुताराकडूनच करून घ्या. फोन घरात नसतो, वाटेच्या टोकाला लाकडी खोपटात असतो. दिवसातून एक-दोनदा निरोप ऐकतात. नाव सावकाश सांगा, स्पेलिंग सांगा, नंबर दोनदा सांगा. नाहीतर आपल्या आडनावातच निरोप हरवतो. फोटो काढू नका, मुलांचे तर मुळीच नाही. आणि याच भागातल्या निकेल माइन्सच्या ॲमिश शाळेत 2006 साली गोळीबारात पाच मुली मारल्या गेल्या, त्याबद्दल त्यांना विचारू नका. ती शाळा त्यांनी दहा दिवसांत पाडून टाकली, जागा शोधत फिरू नका.

एकटेपणा? वाटतो, पहिली दोन वर्षं. मार्चमध्ये गॉर्डनव्हिलच्या स्वयंसेवी अग्निशमन दलासाठी मड सेल भरतो, चिखलात रजया, घोडे, नांगर यांचा लिलाव. तिथे जा, ओळखी होतात. शेजारी चांगले आहेत, अडीअडचणीला धावतात. पण त्यांच्यात तुमची जागा होणार नाही. त्यांच्यासाठी बाहेरचा प्रत्येक माणूस 'इंग्लिश'. तुम्हीही इंग्लिश. तो शब्द ऐकला की आजही काहीतरी तुटतं.

आता मुलीचं. ॲमिश शाळा एका खोलीची, आपल्या एकशिक्षकी शाळेसारखी. आठ इयत्ता एकत्र. शिकवणारी बहुधा तरुण, अविवाहित, स्वतः आठवीच शिकलेली. आठवीनंतर शाळा सक्तीची नाही, हा हक्क त्यांना सुप्रीम कोर्टाने 1972 साली दिला. घरी पेनसिल्वेनिया डच (जर्मनचीच एक बोली), शाळेत इंग्रजी, उपासनेत जुनी जर्मन. अडीचशेहून जास्त वर्षं झाली, नातवंडं आजीशी आजीच्याच भाषेत बोलतात. त्यांचा एवढाच एक हेवा मला वाटतो, आणि तो जात नाही.

तुमच्या मुलीला सरकारी शाळा मिळेल, कोणती ते पत्त्यावर ठरतं. टपालाच्या गावाचं नाव आणि शाळेची हद्द जुळेलच असं नाही, घर बघतानाच विचारून घ्या. लशींच्या कार्डावर महिना अक्षरात लिहून डॉक्टरांचा शिक्का घेऊन या. 05/09 म्हणजे आपला सप्टेंबर, त्यांचा मे. एका डोसची तारीख दुसऱ्याच्या आधी पडते आणि डोस बाद ठरतो. कांजिण्यांचे दोन डोस इथे लागतात, आपल्याकडच्या सरकारी यादीत ती लस नाही, तेही बघा.

मग येतो घरच्या भाषेचा फॉर्म. मूल पहिल्यांदा कोणती भाषा शिकलं, घरी कोणती बोलतं? मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते, आणि आपले बहुतेक आईबाप त्या धास्तीने 'इंग्लिश' लिहून मोकळे होतात. मीही तेच लिहिलं. ते अजून सलतं, कारण पुढे घरी तेच खरं झालं. तुम्ही मराठी लिहा. चाचणीत मुलगी पुरेशी इंग्रजी बोलली तर विषय तिथेच मिटतो. नाही बोलली तर मदतीचा तास मिळतो, आणि तो नको असेल तर लेखी नकार देता येतो.