पुण्याहून एका दिवसात मुंबईचं आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय बघून होतं का?

आरामात होतं. फक्त सोमवार टाळा, बंद असतं.

सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडा. सीएसएमटीला उतरलात की काळा घोडा चालत वीसेक मिनिटं. टॅक्सीवाल्याला नुसतं 'जहांगीर' म्हणू नका, तो हमखास जहांगीर आर्ट गॅलरीसमोर सोडतो. आपलं संग्रहालय आहे ते कावसजी जहांगीर हॉलमध्ये, रीगल सिनेमाच्या चौकात, शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासमोर. दोन्ही इमारती वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्याच.

हॉल 1911चा, पूर्वी इथे सभा आणि गाण्याच्या मैफली व्हायच्या. 1996 मध्ये संग्रहालय सुरू झालं. बाहेरून दगडी, भारदस्त. आत शिरलात की पांढऱ्या भिंती आणि अर्धगोल वळत जाणारे जिने. मजल्यावर मजला सरळ नाहीच, चढता चढता खालच्या मजल्यावरचं चित्र वरून दिसतं. मला तर काही वेळा चित्रांपेक्षा हेच जास्त आवडलं. अगदी वर घुमटाखालची गोल खोली आहे, तिथे जरा थांबा. आई बरोबर होती, तिचे गुडघे मात्र कुरकुरले.

प्रदर्शनं बदलत असतात, तेव्हा आधी काय लागलंय ते बघून घ्या. परतीची डेक्कन क्वीन 5.10ला.