रास्पबेरी पाय 4 वर लिब्रेइलेक अडतंय? आधी अडॅप्टर बघा

लिब्रेइलेक म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला टीव्हीचा सिनेमा-प्लेअर बनवणारी प्रणाली; तिच्यात कोडी हा प्लेअर चालतो. ती अडली, की मेमरी कार्ड बदलायच्या किंवा इमेज (कार्डावर चढवायची प्रणालीची फाइल) पुन्हा चढवायच्या भानगडीत लगेच पडू नका. रास्पबेरी पाय 4 ला 5 व्होल्ट, 3 अँपिअर लागतात. साधा मोबाइल चार्जर मेनूपुरता निभावतो, सिनेमा लावला की मान टाकतो. जुन्या आवृत्तीत पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह दिसलं, की समजा व्होल्टेज पडतंय.

टीव्ही काळाच राहतो? दोन मायक्रो एचडीएमआयपैकी पॉवरच्या शेजारच्या पोर्टात केबल लावा, आणि टीव्ही आधी चालू करा.

आता सिनेमाची फाइल अडखळण्याबद्दल. ती चालू असताना कीबोर्डवरचं ‘ओ’ दाबा. डिकोडरपुढे (व्हिडिओ उलगडणारा भाग) ‘एचडब्ल्यू’ म्हणजे हार्डवेअर आहे की ‘एसडब्ल्यू’ म्हणजे सॉफ्टवेअर, ते दिसेल. एचईव्हीसी, एच.264 आणि एव्ही1 या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती. त्यांपैकी एचईव्हीसी हा बोर्ड 4के पर्यंत हार्डवेअरवर पेलतो, एच.264 मात्र 1080पी पर्यंतच. एव्ही1 ला हार्डवेअरची साथच नाही, तिथे सेटिंगं चाळून हाती काही लागत नाही. दुसरी फाइल शोधा.

‘एपीटी’ने (इतर लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकायची आज्ञा) पॅकेजं टाकायच्या नादी लागू नका, इथे सिस्टिमचा भाग फक्त वाचता येतो. कोडीच्या ॲड-ऑनवर (जोड-सॉफ्टवेअरवर) भागवा.

वेगळा रिमोटही सध्या नको. टीव्हीत सीईसी (एचडीएमआय केबलमधून रिमोटचे आदेश पाठवायची सोय) चालू केलं की त्याच्याच रिमोटने कोडी चालतं. फक्त ते सेटिंग प्रत्येक कंपनीने भलत्याच नावाखाली दडवलेलं असतं.